हजेरी

मुलांच्या शाळेतल्या जुन्या सवंगड्यांना एकत्र आणणे तुलनेने सोपे असते, असे माझे मत झाले आहे. पन्नाशी उलटली तरी मुलग्याचे आडनाव तेच राहते, आणि त्याच्या घराचा पत्ता कुठे ना कुठे सापडतो. मुलींच्या शाळेचे तसे नाही. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत तर पहिले नावही बदलून टाकतात. तांदळात लिहिलेले नवे नाव घेऊन ती मुलगी निघून जाते आणि शाळेच्या फळ्यावरची मुलगी तिथल्या तिथे पुसली जाते.

आमच्या रिसालीत तर आणखी एक अडचण होती. आम्हां कोणाचीच घरे आमची नव्हती.

रिसाली म्हणजे भिलाईच्या पोलाद नगरीचा एक भाग. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भिलाईला पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली. मात्र विदर्भातून भिलाईकडे जाणारी माणसे थांबली नाहीत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. माझे वडील त्यानंतर काही वर्षांनी गोंदियाकडून आले. आमच्या रांगेत एका बाजूला तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर केरळचे नर्सकाकू. पत्ता सांगताना 'सडक अमुक, क्वार्टर तमुक' एवढेच सांगायचे. रात्री आभाळ एका कडेने तांबडे होई आणि पाळी बदलण्याच्या भोंग्यावर आमच्या आयांची स्वयंपाकघरे चालत.

ते क्वार्टर कारखान्याचे. वडील निवृत्त झाले की किल्ली परत करायची. अंगणातला आंबा, तुळस, दारावर कोरलेली उंचीची खूण, सगळे मागे ठेवायचे. अशा रीतीने आम्हां मैत्रिणींची माहेरे एकेक करून नाहीशी झाली. कोणाचे आईवडील कोट्टयमला गेले, कोणाचे विशाखापट्टणमला, आमचे नागपूरला. पत्राला उत्तर आले नाही, की समजायचे, क्वार्टर सुटले.

म्हणून २०२३ साली भिलाईतच राहिलेल्या आमच्या तीन मैत्रिणींनी १९८४ च्या तुकडीला एकत्र आणायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या हाती एकच आधार होता : निरोप समारंभाचे छायाचित्र. त्यात बेचाळीस मुली होत्या, आणि खाली छापलेली बेचाळीस नावे, अर्थातच माहेरची. एकीने दुसरीचा पत्ता सांगितला, दुसरीने तिसरीच्या भावाचा. आठ महिन्यांत एकतीस जणी सापडल्या. चौघी आता या जगात नाहीत, हेही त्याच शोधात कळले. फोनवरच्या आमच्या गटात रोज नवे नाव येई आणि त्याखाली आनंदाची चित्रे उमटत.

मी मात्र ते छायाचित्र पाहून अस्वस्थ झाले होते. त्यात एक मुलगी नव्हती.

नववीत तिचा हजेरी क्रमांक एकोणीस होता, माझा वीस. त्यामुळे बाक एक, प्रयोगवहीतले बेडूक एक, डबाही बहुधा एकच. १९८२ च्या दिवाळीनंतर तिची आई अंथरुणाला खिळली. घरात ती थोरली, पाठीवर तीन भाऊ. वडिलांची पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची. तिने शाळा सोडली. कोणी सक्ती केली नव्हती. सक्ती करण्याची वेळ येण्याआधीच तिने ओळखले असावे. मी मोठ्या उत्साहाने तिला सांगितले, "तू काळजी करू नकोस. मी रोज संध्याकाळी येऊन वर्गात झालेलं तुला शिकवीन. परीक्षा तू बाहेरून दे."

महिनाभर मी गेले. नंतर थंडी वाढली, स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या, मग सहामाहीचे निकाल. एक दिवस चुकला, मग आठवडा चुकला, आणि मग इतके दिवस झाले, की जाण्याचीच लाज वाटू लागली. त्यानंतर मी त्या सडकेवरून सायकल नेणे टाळले. दहावीत नवी हजेरी तयार झाली. एक नाव गळल्यामुळे मागच्या मुली एकेक क्रमांकाने पुढे सरकल्या. एकोणीस क्रमांक माझा झाला.

तिला बोलवावे, असे मी गटात सुचवले, तेव्हा एकीने विचारले, "ती आपल्याबरोबर पास कुठे झाली होती?" प्रश्न वाईट हेतूने विचारला नव्हता. तरी त्याचे उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. तिच्या धाकट्या भावाचे दुर्गला दुकान होते, तिथून तिचा क्रमांक मिळाला. पलीकडून आवाज आला, "बोल गं, वीस नंबर." मी काय बोलले ते मला आठवत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही मैत्री बागेत जमलो. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्याने उभारलेले हे उद्यान. शाळेच्या सहली तिथेच जात. तेवीस जणी आल्या होत्या. पहिला तास 'ओळख पाहू' म्हणण्यातच गेला. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी दोन नातवंडांची आजी, एकीने एकटीने दोन मुली वाढवलेल्या. वर्गात सर्वांत भित्री म्हणून प्रसिद्ध असलेली मुलगी पोलिसांत होती. तिच्याशी सगळ्या जरा जपूनच बोलत होत्या!

मग कोणीतरी छायाचित्राच्या यादीवरून हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव नाही, नुसते क्रमांक. "सतरा." "उपस्थित, बहनजी." "अठरा." शांतता, ती गेलेल्या चौघींपैकी एक होती. "एकोणीस."

"उपस्थित," दोन आवाज एकदम आले.

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुपारी डबे उघडल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी क्षमा मागायला सुरुवात केली, तशी तिने माझ्या पानात ठेचा वाढला. "अगं, तू आलीस तो महिना मी मोजला होता," ती म्हणाली. "सव्वीस दिवस. नंतर दोन आठवडे मी साडेपाचला दार उघडं ठेवायची. मग भावांचा अभ्यास घ्यायला लागले."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. म्हणूनच ते ऐकणे कठीण गेले.

भाऊ शिकले, तिचे लग्न झाले, मुलगी झाली. मुलगी महाविद्यालयात गेल्यावर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावीसाठी नाव घातले. तिथे पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सवडीने देता येतो. चार विषय तिने दोन वर्षांत सोडवले. गणितात मात्र ती तीनदा नापास झाली.

"मग गणित सोडायचं होतंस. तिथे ते सक्तीचं नसतं ना?" मी विचारले.

"नसतं. केंद्रावरच्या सरांनीही हेच सांगितलं होतं." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "पण तुझी वही पायथागोरसच्या सिद्धान्तापाशी थांबली होती. पुढे काय होतं, ते मला बघायचं होतं."

चौथ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. गुण किती, हे मी विचारले नाही, तिनेच सांगितले. एक्केचाळीस.

संध्याकाळी माझ्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही दोघी रिसालीत पायी फिरलो. तिचे क्वार्टर बंद होते, खिडकीवर जळमटे होती. माझ्या क्वार्टरात कोणीतरी राहत होते. आंबा नव्हता, त्या जागी मोटारसायकल उभी होती. फाटकाशी थबकलेल्या आम्हांला पाहून ओट्यावर अभ्यास करत बसलेल्या मुलीने मान वर केली आणि कोणाला शोधता आहात, असे हिंदीत विचारले.

"कोणाला नाही, बेटा. तू लिही," माझी मैत्रीण म्हणाली. मग फाटकावरून वाकून तिने त्या मुलीच्या वहीकडे निरखून पाहिले आणि मला हळूच म्हणाली, "त्रिकोणमिती आहे."