मुंबईची गाडी, वस्तीची गाडी

अनंत चतुर्दशी उलटली की संगमेश्वर-लांज्याकडच्या वाड्या चार दिवसांत रिकाम्या होतात. भात पोटरीला आलेलं असतं, पाखाडीवर अजून शेवाळ असतं आणि फाट्यावर मुंबईच्या गाड्या एकामागून एक भरत असतात. मग दारांना कुलपं. धूर निघतो तो फक्त म्हाताऱ्यांच्या घरांतून.

आधी बोट, मग एसटी, १९९८ मध्ये अखंड रुळांवर धावू लागलेली कोकण रेल्वे. दरवेळी वाटलं, मुंबई जवळ आली, आता माणसं गावाला धरून राहतील. पण २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया उरल्या. कोण गेलं, हे त्यावरून कळतंच.

तरी रस्त्यानं गाव ओस पडतं, हे मला पटत नाही. पुण्याच्या कडेच्या हवेली-मुळशीत रस्त्यामागून माणसं आली. लोट्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा जवळपासच्या गावातला माणूस रात्री घरी जेवतो. मुंबईला गेलेला शिमग्याला आणि गणपतीला जेवतो. ज्या वाटेनं त्याच संध्याकाळी परतता येत नाही, ती माणसाला घेऊनच जाते.

म्हणून मला वस्तीच्या एसटीचं मोल फार वाटतं. रात्री शेवटच्या वाडीत मुक्काम करायची, उजाडताच पोरांना, भाजीच्या टोपल्यांना आणि दवाखान्याला निघालेल्या आजीला घेऊन देवरुखला उतरायची. प्रवासी कमी म्हणून अशी फेरी बंद झाली की आधी मुलींचं कॉलेज अडतं. मग शिक्षणासाठी एक बिऱ्हाड तालुक्याला जातं, दुसरं थेट नालासोपाऱ्याला. प्रवासी आणखी घटतात आणि फेरी पुन्हा सुरू करायला कारणच उरत नाही.

दशकाहून जास्त काळ रखडलेला, मुंबईकडे जाणारा चौपदरी महामार्ग पुरा व्हायलाच हवा. त्या खड्ड्यांत माणसं जीव गमावतात. पण वाडीवरच्या लोकांना काय हवंय ते विचारलं, तर मागणं लहान असतं: फाट्यापासून वरच्या घरांपर्यंत पावसात टिकेल असं डांबर, आणि कॉलेज सुटल्यावर मुलीला अंधाराआधी घरी आणणारी एक गाडी. तेवढं तरी आधी द्या.