झाकण उघडू नका

17 मे 2021, सोमवार. तलासरी तालुका

सकाळीच लाइट गेले. तौक्ते वादळ समुद्रातून गुजरातकडे सरकतंय. आमच्या आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रीजवर, म्हणजे आयएलआरवर, चिकटपट्टीने कागद लावला : झाकण उघडू नका. आत बालकांच्या आणि कोविडच्या लसी आहेत, 2 ते 8 अंशांत राहायला हव्यात. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी गारवा टिकावा, अशी या यंत्राची घडण आहे. आजची चिंता नाही. उद्याची आहे.

18 मे

वादळ काल रात्री सौराष्ट्रात उतरलं. इथे खांब आडवे, तारा चिखलात.

पहाटे तीनला बाळंतीण आली. जनरेटर भिजून बंद पडलेला, त्यामुळे बाळाला ऊब देणारा वॉर्मर निरुपयोगी. आशाताईंनी मोबाईलचा उजेड धरला, मी नाळ कापली. मुलगी, वजन जेमतेम दोन किलो. अंग कोरडं करून तिला आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, डोक्याला टोपरं घातलं, वरून दोन गोधड्या. दर थोड्या वेळाने पावलांना हात लावून बघत होते. उजाडताना पावलं उबदार लागली आणि पोरीने दूध ओढलं. आईची ऊब कामी आली म्हणून वॉर्मर नसला तरी चालतो, असं मात्र कुणी म्हणू नये. पोर रडली नसती, श्वास देत बसावं लागलं असतं, तर त्या अंधारात मी काय केलं असतं?

दुपारी मेकॅनिक आला, जनरेटर सुरू झाला. पाड्यावर नळयोजनेची मोटर बंद, टाकी कोरडी, हापशीवर हंड्यांची रांग. आजी म्हणाली, “लाइट नाय त पाणी नाय, पीठ बी नाय.” गिरणी बंद म्हणजे नागलीची भाकरी नाही. दिव्याविना इथली माणसं रात्र काढतात, पाण्याविना दिवस निघत नाही.

19 मे. डहाणू

डिझेल आणायला आले. औष्णिक केंद्राची चिमणी लांबूनच दिसते. 1995 पासूनचं हे 500 मेगावॅटचं केंद्र, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांसाठी. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, लोकांनी इथली हवा आणि चिकूच्या वाड्या जपायला कोर्टात लढा दिला. कोळशाची राख ज्यांच्या वाट्याला, त्यांच्या पाड्यांवरची लाइन वाऱ्याला टिकेल इतकी तरी भक्कम हवी. ही मागणी फार मोठी नाही.

20 मे

संध्याकाळी लाइट आले. आयएलआर उघडला : सात अंश. पोलिओच्या शिश्या उजेडात धरल्या. लेबलवरच्या वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असला तर लस चांगली. सगळ्या चांगल्या निघाल्या. नोंदवहीत सही केली.

मुलगी दूध नीट पिते आहे. उन्हावर चालणारा लसींचा फ्रीज मिळावा म्हणून अर्ज लिहायला घेतला. सोबत वॉर्मरसाठी बॅटरीही मागते आहे, पावसाळा तोंडावर आहे.