कोथिंबिरीचा बंदोबस्त

समोर नवी इमारत उभी राहून आमच्या कोथरूडच्या सदनिकेची एकुलती एक गॅलरी कायमची सावलीत गेली, तेव्हा कोथिंबीर आणि मेथी घरचीच खावी हा माझा जुना हट्ट पुरवून घेण्यासाठी मी बैठकीच्या कोपऱ्यात लोखंडी मांडणी उभारली, तिला दोन एलईडी दिवे टांगले आणि तळच्या टाकीतले पाणी वर चढवणारा लहानसा पंप बसवला.

हिशेब चोख होता. दिवे 45-45 वॉटचे, पंप 18 वॉटचा. 230 व्होल्टवर सारा भार अर्ध्या अँपियरच्याही आत. मग चिंता कसली, अशा गुर्मीत मी असताना, एके दुपारी दोन वर्षांची नात चेंडूमागे रांगत मांडणीखाली शिरली आणि तिला ओढून काढायला वाकलो तो दिसले की, पंपाच्या वायरवरून थेंबामागून थेंब ओघळत खाली फरशीवरच्या एक्स्टेंशन बोर्डावर जमत आहेत, आणि तिची बोटे तिथून जेमतेम वीतभर लांब आहेत.

मेन स्विच पाडून मी वायरमनला बोलावले. मी एमसीबीचा दाखला देताच तो म्हणाला, "काका, तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला मारायला एवढासा करंट पुरतो. तो एमसीबीला कळतही नाही." त्याने बोर्ड उघडला, तर आर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती, तिसरे भोक केवळ शोभेचे!

मग रीतसर तजवीज झाली. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत 30 मिलिअँपियरची तफावत पडताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी बसला. सॉकेट आर्थिंगसह भिंतीवर पाच फूट उंच गेले, तेही झडपांचे, ज्यांत प्लगची लांब पिन आधी शिरल्यावाचून बाकीची भोके उघडत नाहीत. मांडणी स्क्रूने भिंतीला जखडली. आणि प्रत्येक वायरला सॉकेटखाली असा झोल दिला की ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशीच गळून पडावा. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, हे फर्मान मात्र माझे. ते मोडतोही बहुधा मीच.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ईएलसीबीचे 'टेस्ट' बटण मी नेमाने दाबतो, खटकन घर अंधारते, आणि माझ्या दक्षतेचे कौतुक राहिले बाजूला, स्वयंपाकघरातून विचारणा येते, "अहो, चटणी अर्धीच वाटून झाली होती ना!"