गुंतवळ

सातव्या महिन्यात वेणी मनगटाएवढी जाड होती. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरली तेव्हा घरातले आकडे पुरले नाहीत. शेजारून डझनभर आणले. त्या दिवशीचा पाठमोरा फोटो आहे. वेणी कमरेखाली गेलेली दिसते.

एरवी दिवसाला ५० ते १०० केस जातात. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते आणि जायचे केसही डोक्यावर राहतात. त्या महिन्यांत फणी जवळजवळ कोरी निघायची. बाळंत झाल्यावर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते. राहिलेले केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी गळू लागतात.

बाळंतिणीची काळजी सव्वा महिन्याची. डोक्याला फडका, कानात कापूस, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. बाजेखालची शेगडी आजीच्या वेळेपर्यंत होती. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी आईच्या वेळेपर्यंत. या खेपेला शेकायला गरम पाण्याची पिशवी होती.

चोळणारी बाई चाळिसाव्या दिवशी साडी घेऊन गेली. आई रोज खोबरेल लावून वेणी घालायची. तिसरा महिना सरला आणि माहेरचा मुक्काम संपला. तोवर केस जागच्या जागी होते.

चौथ्या महिन्यात सासरच्या मोरीची जाळी तुंबली.

रबर दोन वेढ्यांत बसायचे. मग तीन लागले, मग चार. भांग रुंदावला. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांशी कातडी दिसू लागली. केस उशीच्या अभ्र्यावर सापडले, दुपट्यात सापडले. एकदा वरणात सापडला. त्या जेवणात पुढे कुणी बोलले नाही.

गळलेल्या केसाच्या मुळाशी पांढरा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असतो. मूळच उपटून आले असे वाटते. तसे नसते. केसाचे मूळ कातडीत शाबूत राहते. हे बाळंतिणीला कुणीतरी आधी सांगायला हवे.

याच महिन्यांत बाळ हाताला येईल ते धरायला शिकते. दूध पिताना मुठीत केस येतात. मूठ सोडवली की चार-पाच केस तिच्यातच राहतात.

एका संध्याकाळी बाळ रडायचे थांबेना. पोट दुखत असेल म्हणून हिंग लावला. मोजा काढल्यावर उजव्या पायाचे तिसरे बोट लालबुंद, सुजलेले दिसले. मोज्यातला एक लांब केस बोटाला दोन वेढे घालून कातडीत रुतला होता. नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हता. दवाखान्यात भिंग धरून, चिमट्याने उचलून कापला. बोट वाचले. तेव्हापासून मोजे उलटे करून पाहिले जातात.

फणीतून निघालेला गुंतवळ पूर्वी बोटाला गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात खोचून ठेवत. सुया-बिब्बे विकणाऱ्या बायका दारावर यायच्या. गुंतवळ घ्यायच्या, सुया नाहीतर पिना द्यायच्या. काहीजणी स्वतःच्याच गुंतवळाचे गंगावन करून घेत. विरळ झालेली वेणी स्वतःच्याच केसांनी भरायची. आता भिंतीत कोनाडा नाही. गुंतवळ ओल्या कचऱ्यात की सुक्या, यावरून बादलीपाशी हात थबकतो.

रक्त तपासले. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. कपाटात आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आहेत. नंतरच्या गोळ्यांची पाकिटे भरलेली आहेत.

आईचा व्हिडिओ कॉल रोज रात्री येतो. कॅमेरा बाळाकडे असतो.

सहाव्या महिन्यात केस खांद्यापर्यंत कापले. बाळ ओढते म्हणून कापले, असे सगळ्यांना सांगितले. पार्लरमधल्या मुलीने फरशी झाडून घेतली. लांब दात्यांची जाड फणी ड्रॉवरमध्ये मागे गेली.

आठव्या महिन्यात कपाळाशी बोटभर लांबीचे केस उभे राहिले. तेल लावूनही बसत नाहीत. बहुतेकींचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पुन्हा भरतात. भरतात म्हणजे टाळू दिसेनाशी होते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंत यायला पाच-सहा वर्षे जातात.

बाळाचे जावळ मामाच्या मांडीवर काढले. आत्याने पदरात झेलले. थोडे कागदाच्या पुडीत ठेवले. पुडीवर तारीख घातली आहे.

शेजारून आणलेले आकडे परत करायचे राहिले. ते कुंकवाच्या जुन्या डबीत आहेत. वाढदिवसाला अंबाडा घातला. तीन लागले.