डबा आपला, कुलूप कोणाचं?

उर्दूच्या तासाला 'बै' आणि 'इजारा' हे दोन शब्द आले की मला फार समजवावं लागत नाही. बै म्हणजे विक्री, इजारा म्हणजे भाड्याने घेणं. आमच्या सिंदीच्या पोरांना वावराचा दाखला पुरतो. वावर विकत घेतलं तर सातबाऱ्यावर नाव चढतं. मक्त्याने केलं तर मुदत संपली की सोडावं लागतं. पण बाजारात आता अशी एक वस्तू आली आहे, जिची पावती विक्रीची असते आणि वागणूक मक्त्याची.

ती वस्तू म्हणजे शाळा, दवाखाने, दुकानं यांच्या इंटरनेटच्या वाटेवर बसवलेला फायरवॉलचा डबा. आमच्या शाळेने तो पालकांच्या वर्गणीतून घेतला. त्या वर्गणीत हमाली करणाऱ्यांचे पैसे होते, कापूस वेचणाऱ्या बायांचेही होते. तीन वर्षांनी पडद्यावर सूचना आली : लायसन्सची मुदत संपली. डब्याचे दिवे लुकलुकत होते, पण नको त्या साइट अडवण्याचं काम थांबलं होतं. नूतनीकरणाचा आकडा नव्या डब्याच्या जवळपास. दुकानदार शांतपणे म्हणाला, "सर, डबा तुमचाच आहे. आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं."

कायदा काय म्हणतो? टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकरासाठी 'माल' आहे. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका करप्रकरणात स्पष्ट केलं की ग्राहकाला प्रत वापरायला मिळते, कॉपीराइट मिळत नाही. म्हणजे करापुरता माल, हक्कापुरती परवानगी. ती परवानगी किती दिवसांची, हे करारात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं.

हे सगळीकडे सारखं नाही. सिस्कोच्या मेराकी उपकरणांच्या जुन्या लायसन्स पद्धतीत मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असते, मग नेटवर्कच बंद पडतं. उलट लॅटव्हियाच्या मिक्रोटिक कंपनीच्या राउटरचं लायसन्स यंत्राबरोबरच येतं आणि त्याला मुदत नसते. म्हणजे मुदत घालणं ही यंत्राची गरज नाही, तो विकणाऱ्याचा निर्णय आहे.

तिसरी वाटही आहे. लिंक्सिस कंपनीचा एक निळा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे, हे २००३ मध्ये जाणकारांनी ओळखलं. लिनक्सचं लायसन्स जीपीएल. त्याची अट अशी की यंत्र विकाल तर आतल्या लिनक्सचा स्रोतही खुला करा. कंपनीला तो द्यावा लागला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आज ते अनेक कंपन्यांच्या राउटरवर फुकट चढवता येतं. लायसन्स कुलूप लावतं तसं कुलूप उघडतंही.

न्यायाचं बोलायचं तर दर वर्षी पैसे मागणं म्हणजे लुबाडणूकच, असं मी म्हणणार नाही. रोज नवे विषाणू येतात, साइटच्या याद्या रोज बदलतात. ते काम करणाऱ्या माणसांना मजुरी हवीच. तो सरळ इजारा आहे. माझी हरकत फक्त झाकलेल्या अटीला आहे. फिकहमध्ये अशा संदिग्ध व्यवहाराला 'गरर' म्हणतात आणि तो नापसंत ठरतो. पण धर्म बाजूला ठेवला तरी हिशोब तोच सांगतो.

म्हणून आम्ही एका कागदावर चार प्रश्न लिहिले, आणि आता कोणत्याही दुकानदाराला ते आधी विचारतो. लायसन्स संपल्यावर यंत्र काय-काय करणं थांबवेल? पाच वर्षांचा एकूण खर्च किती? लायसन्स दुसऱ्या यंत्रावर नेता येतं का? आणि कंपनीने हे मॉडेल बंद केलं तर सुधारणा कोण देणार? उत्तरं लेखी घ्यायची, कोटेशनवरच.

या चार प्रश्नांवर तीन कोटेशनं तपासली. सर्वात स्वस्त डबा पाच वर्षांत सर्वात महाग निघाला. शेवटी सदर मुदर्रिस साहेबांनी मुदत नसलेला राउटर घेतला आणि साइट गाळण्याची सेवा वेगळी, वर्षाच्या बोलीवर ठेवली. पटली नाही तर ती सोडता येईल, बाकीचं नेट चालू राहील.

पालकसभेत हिशोब वाचून दाखवला तेव्हा मागच्या रांगेतून एका आईने विचारलं, "सर, अगले साल फिर देने पड़ेंगे क्या?" मी म्हणालो, यंत्राचे नाही, सेवेचे द्यावे लागतील, आणि ते किती, हे या फळ्यावर लिहिलंय. तिने आकडा वाचला, मान हलवली आणि पावती नीट घडी करून पदराला बांधली.