जादूचं बिल कोण भरतं?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा जादूगार सकाळी पोथी उघडून मंत्र पाठ करतो. जुन्या नियमांत वापरलेला मंत्र डोक्यातून पुसलाच जायचा. ही कल्पना जॅक व्हान्सच्या कथांमधली. आम्हा इंजिनिअरांना ओळखीचं: पेपर दिला, विसरलो.

१९९१च्या 'डार्क सन'मध्ये मात्र जादूला झाडांचा जीव लागतो. हावरटासारखा ओढला की मातीची राख.

त्यावरून आमच्या शनिवारच्या खेळात मी नदीकाठच्या लोकांसाठी नियम लिहिला: मंत्र म्हटला की गावातल्या प्रत्येकाची थोडी ताकद जाते, म्हणून आधी सगळ्यांना विचारायचं.

शहरी जादूगार खेळणारा मित्र वैतागला. "आगीच्या गोळ्यासाठी परवानगी?"

तासभर वाद झाला. मग त्याने पहिल्यांदाच विचारलं, "बरं, या गावात राहतं कोण कोण?"