दोन खर्ज, एक जागा

गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींविषयी आम्ही उभयतांनी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात एक लेख लिहिला होता. राग खरा होता. त्या रात्री अंथरुणाला खिळलेले आमचे वडील दोन्ही हातांनी कान झाकून पडले होते. लेखाच्या अखेरीस 'या संगीतात एका धडधडीपलीकडे काहीही नाही' असे वाक्य होते आणि ते आम्हांला फार आवडले होते.

अंक निघाल्यावर आठवड्याभराने आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी. ए.ला त्याने आमच्याकडे मराठी घेतले होते. आता तो इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत रचतो. "सर, मॅडम, धडधड एक नसते, दोन असतात," एवढेच तो म्हणाला. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या खोलीत आळीपाळीने हेडफोन लावून बसलो.

आम्हांला दोन ऐकू आल्या नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मग त्याने त्या सुट्या करून दाखविल्या. एक किक, म्हणजे प्रत्येक मात्रेला पडणारा ढोलासारखा ठोका. तो वरच्या स्वरात टक्कन सुरू होतो आणि क्षणार्धात पन्नास-साठ हर्ट्झपर्यंत घसरतो. दुसरी बेसची, खर्जातील सुरावट. तिचा त्या रचनेतील मुख्य स्वर ५५ हर्ट्झचा होता. म्हणजे दोघांचे बिऱ्हाड एकाच खोलीत! स्वतंत्रपणे दोन्ही आवाज भरदार होते. एकत्र वाजविल्यावर ते दुप्पट भरदार होतील अशी आमची अपेक्षा. प्रत्यक्षात दोन्ही मलूल झाले. एक आवाज दुसऱ्याला झाकतो आणि एका लाटेचा चढ दुसरीच्या उताराशी जुळला, तर दोन्ही परस्परांना खाऊन टाकतात. "आवाज वाढवून पाहा," आम्ही सुचविले. त्याने वाढविला. गढूळपणा तेवढा वाढला.

यावरचा उपाय वाढविण्यात नसून जागा देण्यात आहे. प्रथम त्याने किक जिथे घुमते तेवढा भाग बेसमधून थोडा कमी केला. मग 'साइडचेन' नावाची योजना दाखविली. तीत बेसवरच्या कंप्रेसरला किकचा इशारा मिळतो. ठोका पडला की बेस खाली वाकतो आणि ठोका सरताच पुन्हा उभा राहतो. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधील अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी असते. तेवढ्यात वाकून सावरायचे. सावरायला उशीर झाला तर सुरावट लंगडते. काही रचनाकार हे वाकणे मुद्दामच ऐकू येऊ देतात. एरिक प्रिड्झच्या २००४च्या 'कॉल ऑन मी' या गाण्यात ते श्वासासारखे ऐकू येते.

सर्वांत आवडली ती गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या ट्रान्स संगीताच्या वंशातील, सायट्रान्सची रीत. तिथे जागा रचनेतच सोडलेली असते. मात्रेचे चार भाग. पहिला किकचा, उरलेले तीन बेसचे. १४५च्या लयीत एक भाग सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा. किकने आपले म्हणणे तेवढ्यात आटोपायचे.

"मग मिरवणुकीत हे ऐकू का येत नाही?" आम्ही विचारले.

"अँप्लिफायर क्षमतेबाहेर ताणतात, सर. आवाज फाटतो. त्यात दोन्हीकडच्या इमारतींमध्ये खर्ज घुमत राहतो. आम्ही सोडलेली जागा भरून जाते." मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम, तुमची तक्रार खरीच आहे. पण ती मिरवणुकीची होती. तुम्ही संगीताची म्हणून छापलीत."

कृती समोर ठेवल्यावाचून अभिप्राय देऊ नये, हे आम्हीच त्याला तीन वर्षे वर्गात सांगत आलो होतो. त्याने त्याची आठवण करून दिली नाही, हा त्याचा सभ्यपणा. निघताना ती रचना त्याने आमच्यासाठी दिली आणि बजावले, "फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, पन्नास हर्ट्झ त्यातून येतच नाही." म्हणजे ज्या साधनावर आम्ही हे संगीत 'तपासून' पाहिले होते, त्यात त्याचा पायाच नव्हता.

पुढील अंकात आम्ही दुरुस्ती छापली. ते आवडते वाक्य मागे घेतले, बाकीचा लेख कायम ठेवला. वडिलांना ती वाचून दाखविली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तक्रार ठेवलीत ना?"